न्याय अत्यावश्यक नाही काय?

मार्च 2020 मध्ये लोकलगाड्या थांबल्या आणि मीरा-भाईंदरकरांना ठाण्याचे न्यायालय दुरावले. सर्वोच्च न्यायालयाने दाव्यांच्या मुदती वाढविल्या, हे योग्यच. परंतु मुदत वाढल्याने पोटगीवाचून बसलेल्या स्त्रीची चूल पेटते काय? साधने नसलेल्या पक्षकारांसाठी न्यायालयांनीच दूरदृश्य सुनावणीची सोय करावी, असा आदेश 6 एप्रिललाच निघाला होता. पण त्या सोयीपर्यंत पोहोचायचे कसे? मद्याची दुकाने मे महिन्यात उघडू लागली. वकिलांना मात्र लोकलमध्ये पाऊल ठेवण्यासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. सप्टेंबरात मुभा मिळाली ती प्रायोगिक, तीही प्रथम उच्च न्यायालयात जाणाऱ्यांनाच! 2025 मध्ये मीरा रोडला न्यायालय आले. आता पुढील संकटापूर्वीच वकील व पक्षकारांची नोंद शासनाने अत्यावश्यक यादीत करावी.