केरसुणीचा दांडा

शाळेत आणि घरीं झाडलोट करणाऱ्या स्त्रियांची कंबर दुखते हें सर्वांस ठाऊक आहे. ती कां दुखते, हें विचारण्याची मात्र आपणांस आवश्यकता भासत नाहीं. वय झालें, अशक्तपणा आहे, थंडी बाधली, अशीं उत्तरें तयारच असतात. आमच्या मतें खरें उत्तर पुष्कळदां त्यांच्या हातांतील केरसुणीजवळ सांपडतें.

केरसुणी हात-दीड हात लांबीची. ती जमिनीस टेंकवावयाची म्हणजे कंबरेंत वांकल्यावांचून गत्यंतर नाहीं. एका खोलीनें कोणाची पाठ मोडत नाहीं. परंतु पंधरा-वीस वर्ग, जिने, व्हरांडे, आणि मागाहून तीच जमीन ओल्या फडक्यानें पुसणें, हें रोज व वर्षानुवर्षें! स्वीडनमधील अस्थिवैद्य आल्फ नाकेमसन यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जिवंत माणसाच्या मणक्यांमधील चकतींत सुई घालून तेथील दाब मोजला. ताठ उभें असतां जो दाब असतो, तो केवळ २० अंश पुढें वांकल्यानें सुमारें दीडपट होतो, असें त्यांस आढळलें. हातांत ओझें असेल तर तो याहूनही वाढतो. आणि पाण्यानें भरलेली १५ लिटरांची बादली तर वांकूनच उचलली जाते.

पूर्वींपासून असेंच चालत आलें आहे, असें कोणी म्हणेल. कॅलिफोर्नियांतील मळेवालेही हेंच म्हणत. तेथें तण काढणाऱ्या मजुरांस आखूड दांड्याची कुदळी देत. लांब दांड्यानें काम नीट होत नाहीं, ही सबब. मुकादमांचीही सोय होती, कारण जो ताठ उभा दिसेल तो रिकामा, हें दुरून कळे. अखेर डॉक्टरांच्या साक्षी झाल्या आणि १९७५ सालीं त्या अवजारावर बंदी आली. पिकें कांहीं बुडालीं नाहींत.

रस्ता झाडणाऱ्यांच्या खराट्यास बांबू बांधलेला आपण पाहतोंच. मग वर्गांत लांब दांडा कां नसावा? वांकल्याशिवाय कोपरे निघत नाहींत म्हणतात. तर कोपऱ्यापुरतें वांकावें. आम्हांस शंका येते ती निराळीच: उभें राहून झाडणारी बाई आपल्या डोळ्यांस काम करीत आहे असें वाटतच नाहीं!

बाकांखालीं मात्र दांडा नीट फिरत नाहीं, आणि तेथील कागद, पेन्सिलींचीं सालें व शेंगांचीं टरफलें आपण विद्यार्थ्यांनींच टाकलेलीं असतात. शाळा सुटतांना तीं ज्यानें त्यानें उचलावींत. आणि नवे झाडू विकत घेण्यापूर्वीं, ज्यांस आपण मावशी म्हणून हांक मारतों त्यांच्याच हातीं ते देऊन पाहावे व मग दांड्याची लांबी ठरवावी; प्रत्येकीची उंची सारखी नसते.