रागदारी आणि गोळ्या



रागश्रवणाने आतड्यांचे विकार बरे होतात, हे गेल्या अंकातलं पत्र वाचून राहवलं नाही. मला ११ वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, आहे, आणि राहते मिरजेसारख्या संगीताच्या गावात. म्हणजे संगीताला नावं ठेवायची सोय नाही.

दाह आणि वेदना यांत पत्रलेखकांची गल्लत झाली आहे. दाह म्हणजे आतड्याच्या अस्तरातली जखम. वेदना ही मेंदूपर्यंत गेलेली तिची वर्दी. भीतीने, जागरणाने ती वर्दी मोठी ऐकू येते. संगीत उपयोगी पडतं ते तिथे. रात्री कळ आली की मी दिवा घालवून अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रिका लावते, जेमतेम तीन मिनिटांची, आणि श्वासाकडे लक्ष ठेवते. कळ जात नाही. तिच्याशी झुंजणं थांबतं. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेला आठ आठवड्यांचा सजगतेचा वर्गही दुखण्यासह जगायला शिकवणाराच.

एकदा बरं वाटतंय म्हणून मी दाह आटोक्यात ठेवणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. दीड महिन्यात रक्त पडू लागलं. तेव्हा कुठल्याच रागाचं काही चाललं नाही. अमुक आजाराला तमुक राग अशी जंत्री छापण्याआधी संपादकांनी एखाद्या पोटविकारतज्ज्ञाला तरी विचारायचं होतं.

— एक वाचक, मिरज