सांधेदुखीचा हिशेब भिगवणनं मांडला, आरोग्य केंद्रांनी अजून धरला नाही

भिगवण म्हटलं की लोकांना उजनीचं फुगवट्याचं पाणी आठवतं, हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी आठवतात, नाहीतर मासळीचा बाजार. पण जगभरातल्या संधिवाताच्या डॉक्टरांना इंदापूर तालुक्यातलं हे गाव वेगळ्याच कारणासाठी माहीत आहे. १९९६ साली इथं घरोघरी जाऊन एक साधा प्रश्न विचारला गेला होता : ‘तुमचं काही दुखतं का? कुठं दुखतं?’

या प्रश्नाला आता तीस वर्षं होत आली. त्यातून निघालेलं उत्तर वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलं, परदेशातल्या परिषदांत मांडलं गेलं. मात्र ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी ते सगळ्यात उपयोगाचं होतं, तिथं सांधेदुखीवर आजही बहुतेक वेळा दुखणं थांबवायची गोळी आणि ‘वय झालं’ हे दोनच उपचार मिळतात.

भिगवणमध्ये काय झालं होतं?

जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘कॉपकॉर्ड’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गरीब आणि विकसनशील देशांत सांध्यांचे आजार किती आहेत, ते कमी खर्चात मोजायचे आणि मग आटोक्यात आणायचे, हा त्यामागचा विचार. भारतातल्या गावात तो राबवण्याचं काम पुण्यातले संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिगवणला केलं.

पद्धत साधी होती. गावातल्याच लोकांना शिकवून तयार केलं. त्यांनी दारोदार जाऊन प्रश्नावली भरली. माणसाच्या आकृतीचं चित्र दाखवून दुखण्याची जागा त्यावर खूण करून घेतली. ज्यांनी दुखतं म्हणून सांगितलं, त्यांची पुढची माहिती घेतली आणि शेवटी तज्ज्ञ डॉक्टरांनी त्यांना हात लावून तपासलं. रक्ताची तपासणी आणि एक्स-रे गरजेपुरते.

निकाल असा : ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्के लोकांना हाडं, सांधे, स्नायू यांचं काही ना काही दुखणं होतं. जवळपास दर पाच-सहा माणसांमागे एक. गुडघा आणि कंबर या तक्रारी सगळ्यात पुढं. पुरुषांपेक्षा बायकांचं प्रमाण जास्त. सांध्यांची झीज, म्हणजे ज्याला आपण ‘गुडघे गेले’ म्हणतो, ती ५.८ टक्के लोकांत आढळली. आणि ज्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, त्या आमवाताचे रुग्ण साधारण अर्धा टक्का निघाले.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण हिशेब करून बघा. सपाट भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडं साधारण ३० हजार लोकसंख्या असते. त्यात २० हजार प्रौढ धरले, तर भिगवणच्या प्रमाणानं आमवाताचे १०० रुग्ण आणि झिजेचे अकराशेच्या वर. प्रत्येक भागात आकडा तेवढाच येईल असं नाही, जागेनुसार तो कमी-जास्त होणारच. पण निम्मे धरले तरी ५० रुग्ण होतात. आपल्या आरोग्य केंद्राच्या हद्दीतले हे ५० लोक कोण, हे सांगणारी वही कुठल्या केंद्रात आहे?

झीज वेगळी, आमवात वेगळा

गावात दोन्हीला ‘वात’च म्हणतात आणि खरा घोटाळा इथंच होतो.

झिजेचं दुखणं बहुधा पन्नाशीनंतरचं. चाललं, जिना चढला, उकिडवं बसलं की वाढतं आणि टेकलं की कमी होतं. सकाळी आखडलेला सांधा अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. वजन आटोक्यात ठेवणं, मांडीच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम आणि लागेल तेव्हा थोडं औषध यावर बराच काळ निभावता येतं.

आमवाताचं तसं नाही. तो ऐन कामाच्या वयात, तिशी-चाळिशीतही येतो आणि पुरुषांच्या दोन-तीन पट बायकांना होतो. हाताच्या बोटांचे, मनगटाचे, पायाच्या पंजाचे छोटे सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळी तासभर, कधी त्याहून जास्त वेळ मूठ वळत नाही. भाकरी थापता येत नाही, धार काढता येत नाही, खुरप्यावर पकड बसत नाही. विश्रांती घेतल्यावर आखडणं उलट वाढतं आणि हालचाल केली की थोडं सुटतं. म्हणून घरचे म्हणतात, ‘दुपारी तर चांगली काम करती, सकाळीच हिला काय होतं?’

या आजारात वेळ फार महत्त्वाची असते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य औषध सुरू झालं, तर सांधे वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त. उशीर झाला तर हाड खरवडलं जातं, बोटं वाकडी होतात आणि ती पुन्हा सरळ करणारं औषध नाही. नेमके हे सुरुवातीचेच महिने आपल्याकडं वाया जातात. सुगी संपू दे, ऊस जाऊ दे, पोरांची परीक्षा होऊ दे, म्हणून घरात काही दिवस जातात. मग मेडिकलमधली गोळी, मग एखादं इंजेक्शन, मग कुणीतरी सांगितलेली पुडी. पुण्या-सोलापूरच्या तज्ज्ञापर्यंत पोचेस्तोवर वर्ष उलटून गेलेलं असतं.

पुडीनं बरं वाटतं, हाच धोका

पुडीचा विषय स्पष्ट बोलायला हवा. नाव-गाव नसलेल्या काही पुड्यांत आणि मिसळीच्या गोळ्यांत स्टेरॉइड असतं. ते घेतलं की दोन दिवसांत माणूस पळायला लागतो आणि औषध देणाऱ्याचं नाव पंचक्रोशीत होतं. पण दुखणं दबलं तरी आतला आजार सांधे खातच राहतो. महिनोन्महिने घेतल्यावर साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं. आणि अशी पुडी एकदम बंद केली तर जिवावरही बेतू शकतं. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. तज्ज्ञसुद्धा ते देतात, पण मोजून, थोड्या काळासाठी आणि रुग्णाला सांगून. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या रोज घेतल्यानं जठर आणि मूत्रपिंड खराब होतं, हेही फार थोड्या लोकांना कुणी सांगितलेलं असतं.

दुसरी चूक रक्त तपासणीची. ‘वाताची तपासणी’ म्हणून आरए फॅक्टर काढतात आणि तो आला की माणूस घाबरतो, नाही आला की निर्धास्त होतो. दोन्ही चूक. काही निरोगी माणसांत तो येतो आणि आजार असलेल्या काहींत येत नाही. २००६ मध्ये राज्यात चिकुनगुन्याची साथ आली, तेव्हा ताप गेल्यावरही अनेकांचे सांधे महिनोन्महिने दुखत राहिले. अशा वेळी एका कागदावरून निदान होत नाही. आधी रुग्णाला विचारावं लागतं, त्याचे हात हातात घेऊन बघावे लागतात. भिगवणच्या कामातून शिकण्यासारखी हीच मोठी गोष्ट आहे : पहिली गाळणी महागड्या यंत्राची नव्हती, प्रश्नांची होती आणि ती गावच्या माणसांनी लावली होती.

मग अडलं कुठं?

सांध्याच्या आजारानं माणूस लगेच मरत नाही. त्यामुळं त्याची गणती मागं पडते. अपंगत्वात माणसाची वर्षं घालवणाऱ्या आजारांत कंबरदुखी जगात पहिल्या क्रमांकावर आहे, पण गावपातळीवरच्या तपासणीत तिला जागा नाही. आशा सेविका तीस वर्षांवरील लोकांची जी यादी करतात, त्यात भर मधुमेह, रक्तदाब आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगावर आहे. ते आजार महत्त्वाचेच आहेत. साठीपुढच्या माणसांना चालताना अडचण येते का, हेही विचारलं जातं. पण पस्तिशीतल्या बाईला ‘सकाळी मूठ वळते का?’ हे विचारणारा रकाना नाही.

पैशाचं कोडंही आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जनआरोग्य योजना मात्र मुख्यतः दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. आमवाताचा रुग्ण दाखल होत नाही. त्याला वर्षानुवर्षं गोळ्या, ठरावीक काळानं रक्त तपासणी आणि फेरतपासणी लागते. यात औषधापेक्षा गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी जड जाते.

आमवातावरचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि ते फार महागही नाही. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो. बाळंतपणाचा विचार असेल तर ते चालत नाही, आणि यकृत, मूत्रपिंड, रक्तपेशी यांची तपासणी करत राहावी लागते. म्हणून ते तज्ज्ञानं सुरू करायचं आणि गावच्या केंद्रानं लक्ष ठेवायचं, अशी वाटणी लागते. आठवडी बाजाराचा दिवस हाच गोळीचा दिवस, एवढं जरी परिचारिकेनं पाकिटावर लिहून दिलं, तरी मोठा धोका टळतो.

करता येण्यासारखं

आशा सेविकांवर कामाचं ओझं आधीच आहे आणि नवा फॉर्म आला की त्यांचा राग रास्त असतो. पण इथं नवा फॉर्म लागत नाही. आहे त्या भेटीत तीन प्रश्न पुरेसे आहेत. सकाळी सांधे अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडतात का? हातापायाचे छोटे सांधे सुजलेत का? ही सूज सहा आठवडे टिकली आहे का? तिन्हीला ‘हो’ आलं, तर त्या माणसाला पुढच्या पेनकिलरवर न ठेवता तज्ज्ञाकडं पाठवायचं.

तज्ज्ञ तालुक्यात नसतो, हे खरं. पण उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला ई-संजीवनीवरून मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरशी बोलता येतं. रक्ताचे नमुने आरोग्य केंद्रातून पुढं पाठवता येतात. महिन्यातून एक दिवस ग्रामीण रुग्णालयात सांध्यांची ओपीडी ठेवली, तर चार-पाच केंद्रांचे रुग्ण एका जागी तपासता येतील. झिजेच्या रुग्णांना तिथंच गुडघ्याचे व्यायाम शिकवले, तर औषधाच्या रांगेतले बरेच लोक कमी होतील.

हे प्रश्न मांडायला मुंबईला जायची गरज नाही. प्रत्येक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती आहे आणि तिच्यात गावचे लोकप्रतिनिधी बसतात. पुढच्या बैठकीत एवढंच विचारता येईल : आपल्या हद्दीत आमवाताचे रुग्ण किती, त्यातले किती औषधावर आहेत आणि किती पुडीवर? भिगवणनं ही मोजणी १९९६ मध्ये करून दाखवली. बाकीच्या गावांत ती झाली नाही, तर जी बाई आज ‘मूठ वळत नाही’ म्हणते, तिची बोटं वर्षभरात वाकडी होतील, आणि तेव्हाही तिला वयाचंच कारण सांगितलं जाईल.