बीज दुसरीचं, तरी आई तीच

दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज घेऊन दिवस राहिले, तर ते मूल तिचं कसं? आपल्या वस्त्यांमध्ये हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. त्या धास्तीने मुंबई-पुण्याला उपचार घेऊन आलेली जोडपी ही गोष्ट घरापासून लपवतात, कधी कधी बाळंतपणाच्या डॉक्टरांपासूनही. आमच्या मते ही कुजबुज अज्ञानाची आहे, आणि त्यापायी होणारी लपवाछपवी बाईच्या जिवावर बेतू शकते.

हे उपचार काल-परवाचे नाहीत. १९८६ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आलं. त्यामागे असलेल्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांनीच १९९१ मध्ये दुसरीच्या स्त्रीबीजातून मूल होण्याचा उपचार आपल्या देशात यशस्वी केला.

अशा बाळाची जनुकं बीज देणारीकडून आणि वडिलांकडून येतात, हे खरं. नाक-डोळे आईवर जाणार नाहीत. पण बीज म्हणजे मूल नव्हे. डोळ्यांना जेमतेम दिसेल अशा ठिपक्याचं तीन किलोचं बाळ होतं ते पोटात वाढवणारीच्या रक्तातल्या अन्नावर आणि प्राणवायूवर. तिचा आहार, साखर, रक्तदाब यांचा बाळाच्या घडणीवर परिणाम होतो. कोणती जनुकं किती काम करतील यावरही होतो. गरोदरपणात घेतलेल्या धनुर्वाताच्या इंजेक्शनचं संरक्षण बाळाला मिळतं, तेही वारेतून, तिच्याच रक्तातून. शिवाय बाळाच्या काही पेशी आईच्या शरीरात जातात आणि आईच्या बाळात. मुलगा झालेल्या एका बाईच्या रक्तात २७ वर्षांनंतरही अशा पेशी अमेरिकेतल्या संशोधकांना १९९६ मध्ये सापडल्या. नाळ कापली तरी नातं असं शरीरात उरतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. दुसरीच्या बीजाच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. म्हणून रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात नाव घाला किंवा खासगी दवाखान्यात, पहिल्याच तपासणीला डॉक्टरांना खरं सांगा. ही माहिती गुप्त ठेवणं त्यांचं कर्तव्य आहे. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा-हात सुजले किंवा पोटात वरच्या बाजूला कळ आली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

कायदाही आईच्याच बाजूने आहे. २०२१ च्या कायद्याप्रमाणे असं मूल उपचार घेणाऱ्या जोडप्याचंच; बीज देणारीचा त्याच्यावर हक्क नाही. बीज देणारी २३ ते ३५ वयाची हवी, आणि तिला आयुष्यात एकदाच बीज देता येतं. बीजाच्या विक्रीला बंदी आहे. वस्तीतल्या एखाद्या गरजू बहिणीला कोणी पैशाचं आमिष दाखवून पुन्हा पुन्हा न्यायला बघत असेल, तर तिला वेळीच सावध करा. तिचंही शरीर आहे.

माणसाची किंमत जन्मावरून ठरवणं आपण नाकारलं. मग 'रक्त कोणाचं, देणारी कोणत्या जातीची' हे आपल्या तोंडी शोभत नाही. सासूबाईंनी, नणंदेने विचारायचंच असेल तर एवढंच विचारावं: जेवलीस का, गोळी घेतलीस का, रक्तदाब कधी तपासला?