आपला हिरा ब्रासवर मोजतात

हिऱ्यांच्या खाणींनी गरीब देशाचं भलं होतं की वाटोळं, हा वाद सुरू झाला की दोन नावं हमखास निघतात. खाणींच्या बाजूचे लोक बोत्स्वानाचं नाव घेतात, विरोधातले सिएरा लिओनचं. दोन्ही बरोबर आहेत आणि गोची तिथेच आहे.

बोत्स्वाना १९६६ साली स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक होता. १९६७ मध्ये ओरापाला हिरे सापडले. ती जमीन पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीची. म्हणजे घबाड घरातच ठेवता आलं असतं! पण कायदा असा झाला की खनिज अख्ख्या देशाचं. पुढे खाणकंपनीत सरकारने निम्मा वाटा घेतला आणि त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते उभे राहिले. सिएरा लिओनमध्येही हिरेच होते. तिथे १९९१ ते २००२ यादवी चालली आणि हिरे विकून बंदुका आल्या.

थोडक्यात काय, तर खनिज विकास करत नाही आणि विनाशही करत नाही. मालकी कोणाची, हिशेब कोण ठेवतं आणि वाटा कोणाला मिळतो, यावर सगळं ठरतं.

आता म्हणाल, आपला काय संबंध? रायगडच्या किनाऱ्यावर कुठे आल्यात हिऱ्यांच्या खाणी? खाणी आहेत, फक्त पाण्याखाली. धरमतरपासून बाणकोटपर्यंतच्या खाड्यांतून जी रेती निघते ती ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मुंबई, नवी मुंबई, पनवेलची घरं अशाच नदी-खाड्यांच्या रेतीवर उभी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ५० अब्ज टन वाळू-खडी वापरली जाते. पाण्यानंतर सर्वात जास्त वापरली जाणारी नैसर्गिक संपत्ती हीच. आणि आपल्या कायद्यात हिचं नाव काय? तर 'गौण खनिज'!

या गौण वस्तूसाठी लोक काय करतात बघा. २००४ मध्ये किहीमच्या किनाऱ्यावरची रेतीचोरी पाहायला गेलेल्या सुमैरा अब्दुलअली यांना मारहाण झाली. मार्च २०१० मध्ये बाणकोट खाडीतला उपसा पाहून परतताना महाडजवळ त्यांच्यावर पुन्हा हल्ला झाला. त्यांच्या आवाज फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये राज्यात रेती उपशावर बंदी घातली. सिएरा लिओनइतकं आपल्याकडे बिघडलेलं नाही, मान्य. पण ज्या धंद्यात नुसतं बघायला गेलेल्या माणसाला मार खावा लागतो, त्या धंद्याचा हिशेब सरळ असेल यावर कोण विश्वास ठेवणार?

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं: "विकास हवा ना? मग रेती लागणारच. स्थानिकांना रोजगारही मिळतो." रेती लागते हे मला शंभर टक्के मान्य. मीही चार भिंतींतच राहतो. पण रोजगाराचं गणित एकदा नीट मांडूया. हातपाटीवर होडी, बादली आणि गावची माणसं लागतात. उपसा सावकाश होतो आणि मजुरी गावात राहते. सक्शन पंप लावला की तेच काम दोनचार माणसं रात्रीत उरकतात. रेती डंपरने शहरात, पैसा पंपवाल्याच्या खिशात. गावाला उरतो तो खड्डा.

खड्डा म्हणजे नुसता अलंकार नाही. खाडीचा तळ खोल गेला की काठ ढासळतात, भरतीचं खारं पाणी आणखी आत शिरतं, बांधाचा पाया सुटतो. खारेपाटातली भातशेती या बांधांच्या भरवशावर उभी आहे. उधाणात बांधाला एकदा खांड पडली की शेतात समुद्र येतो, आणि ते मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जातात. हा तोटा रेतीच्या भावात कुठे धरलाय? कुठेच नाही. म्हणून ती 'स्वस्त'. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी बस आणि एका मोटारीसकट वाहून गेला, चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्याचं खापर एकट्या रेतीवर फोडणार नाही. पूल जुना होता, नदीला महापूर होता. पण पूल पडल्यावर सगळ्यांना रेती उपसाही आठवला. आधी का नाही आठवला?

मी बंदी मागत नाहीये. मागणी तशीच राहिली आणि पुरवठा कायद्याने बंद केला की भाव वाढतो आणि कमाई चोराची होते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. सरकारने २०२३ मध्ये सहाशे रुपये ब्रासने डेपोतून वाळू द्यायचं ठरवलं, २०२५ मध्ये डेपो गुंडाळून पुन्हा लिलावावर आलं. दोन्ही वेळा चर्चा कसली, तर घेणाऱ्याला किती स्वस्त आणि सरकारला महसूल किती. खाडीकाठच्या गावाला किती, हा प्रश्न चर्चेच्या मध्यावर आलाच नाही.

याच जिल्ह्यात, कुलाबा म्हणत तेव्हा, अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ खोतांची जमीन कसायचं बंद ठेवलं होतं. भांडण पिकातल्या वाट्याचंच होतं. आज खोत गेला, पण वाट्याचा प्रश्न खाडीच्या तळाशी तसाच पडलाय.

मग करायचं काय? माझ्या धंद्यातली भाषा वापरतो. जिथे नोंद बघायला मिळत नाही तिथे गडबड असतेच. त्यामुळे तीन गोष्टी:

१. प्रत्येक डंपरचा वाहतूक पास, कोणत्या खाडीतून किती ब्रास, हे सगळं ऑनलाइन आणि कोणालाही बघता येईल असं. दरवर्षी खाडीचा तळ मोजायचा आणि आकड्यांशी ताडून बघायचा. पावत्या हजार ब्रासच्या आणि खड्डा दहा हजारांचा, तर चोरी उघडी.

२. २०१५ च्या खाण कायद्यातल्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली. गौण खनिजांवरही त्यासाठी पैसे घ्यायची मुभा राज्यांना आहे. रेतीपुरता हा पैसा त्याच खाडीच्या बांधांना आणि त्याच गावांना द्या.

३. महारेरावर बिल्डर कार्पेट एरियापासून परवानग्यांपर्यंत सगळं टाकतो. त्यात आणखी एक रकाना: रेती कुठली, पास क्रमांक काय.

हिऱ्यांसाठी २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया आहे, कच्च्या हिऱ्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्यात भोकं आहेत, पण निदान 'हा आला कुठून' हा प्रश्न विचारायची जगाला सवय लागली. अंगठीतल्या इवल्याशा खड्याला विचारतो तो प्रश्न आपण सत्तर लाखांच्या फ्लॅटला विचारत नाही. मॉड्युलर किचन कोणत्या कंपनीचं ते मात्र बरोब्बर विचारतो!

पुढच्या वेळी साइट बघायला जाल तेव्हा सेल्सच्या माणसाला विचारा, रेती कुठून येते? तो हसेल. हसू दे. दहा जणांनी विचारलं की मालकाला फोन करेल.