खेळात रंगायचे तर नियम कसे हवेत?

नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला मुलगा फोनवर सांगतो, "आज दुपारभर आम्ही खेळत होतो." सांगली-साताऱ्याच्या आईवडिलांच्या डोळ्यांपुढे क्रिकेट येते, फार तर कॅरम किंवा पत्ते. प्रत्यक्षात ही पाच-सहा मंडळी एखाद्या कॅफेत नाहीतर कुणाच्या तरी घरी टेबलाभोवती बसलेली असतात. प्रत्येकापुढे एक कागद, पेन्सिल आणि काही फासे. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. तीन-चार तास ती सारी मिळून एक गोष्ट रचत असतात आणि त्या गोष्टीतले एकेक पात्र होऊन बोलत असतात.

या प्रकाराला 'रोल प्लेइंग गेम' म्हणतात. भूमिका घेऊन खेळायचा खेळ. त्यातला सर्वांत प्रसिद्ध 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. छोटे सैनिक मांडून लुटुपुटीच्या लढाया खेळण्याचा दोघांनाही नाद होता. अख्ख्या सैन्याऐवजी एकाच वीराची भूमिका आपण घेतली तर, या विचारातून हा खेळ आकाराला आला.

खेळात एक जण सूत्रधार असतो. तो सांगतो, "समोर पडका वाडा आहे. आतून कण्हण्याचा आवाज येतोय. काय करता?" बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली, की फासा टाकायचा. या खेळाची ओळख बनलेला फासा वीस बाजूंचा आहे.

चांगला रंगलेला खेळ पाहिला तर मंडळी चहा गार झाल्याचेही विसरलेली दिसतात. पण दुसऱ्या एखाद्या टेबलावर तासाभरात जांभया सुरू होतात. माणसे तशीच, गोष्टही बरी, मग फरक कशाने पडतो? पुष्कळदा तो नियमांमुळे पडतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चेच उदाहरण घ्या. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत, वार लागायला किती दान पडले पाहिजे हे काढण्यासाठी आपल्या ठरलेल्या आकड्यातून शत्रूच्या चिलखताचा आकडा वजा करावा लागे. चिलखत जितके उत्तम तितका आकडा लहान. फारच उत्तम असेल तर तो शून्याखाली जाई आणि वजाबाकीची बेरीज होई! राक्षस अंगावर धावून येतोय आणि शूर योद्धा मान खाली घालून गणित सोडवतोय, असा हा प्रकार. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने तो सरळ केला. फासा टाका, आपले गुण मिळवा, ठरलेला आकडा गाठला की वार लागला. २०१४ च्या आवृत्तीत आणखी एक सोपी युक्ती आली. परिस्थिती अनुकूल असेल तर फासा दोनदा टाकून मोठे दान धरायचे. खेळाडूची नजर कागदावरून पुन्हा समोरच्या माणसाकडे वळली.

यावरून, नियम जितके कमी तितकी रंगत जास्त, असे वाटेल. पण तेवढेच खरे नाही. १९८१ मध्ये आलेल्या 'कॉल ऑफ कथुलू' या भयकथेच्या खेळात प्रत्येक पात्राच्या मानसिक तोलाला गुण असतात. काही भयंकर दिसले की फासा टाकायचा. दान फसले तर गुण घटतात. शिवाय त्या अघोरी शक्तींविषयी जितके ज्ञान वाढेल, तितकी या गुणांची कमाल मर्यादा खाली येते. त्यामुळे जुनी पोथी हाती लागली तरी ती उघडावी की नाही, असा पेच खेळाडूला खरोखरच पडतो. इथे नियमानेच भीती निर्माण केली.

२००५ च्या 'ड्रेड' या खेळात तर फासाच नाही. टेबलावर लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो. धोक्याचे काम करायचे तर त्यातला एक ठोकळा अलगद ओढून वर ठेवायचा. मनोरा कोसळला की ते पात्र गोष्टीतून बाद. अंधाऱ्या जिन्यात पात्राचे पाय थरथरत असतात, तेव्हा खेळाडूचा हातही थरथरतो. वेगळा अभिनय करावाच लागत नाही.

हे सारे परके वाटत असेल, तर कर्नाटकातलेच ताळमद्दळे पाहावे. पावसाळ्यात यक्षगान मंडळ्यांचे फिरते खेळ थांबतात, तेव्हा किनारपट्टीवर ते विशेष रंगते. वेशभूषा नाही, नाच नाही. कलाकार साध्या कपड्यांत बसलेले. भागवत प्रसंगातले पद गातो आणि कृष्णाची भूमिका करणारा कृष्ण होऊन त्या पदाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत मांडतो. समोरचा त्याला तिथल्या तिथे उत्तर देतो. लिहिलेले संवाद नसतात. आपल्या कोकणातल्या दशावतारातही कथा ठरलेली आणि संवाद उत्स्फूर्त. पद कुठवर जायचे ते सांगते. कसे बोलायचे ते कलाकारावर सोपवते. त्या चौकटीमुळेच त्याची प्रतिभा मोकळी सुटते.

बंगळुरूच्या टेबलाभोवती बसलेल्यांना या चौकटीची गरज आणखी एका कारणाने असते. कुणी मराठी, कुणी कन्नड, कुणी मल्याळी. शहर नवे, ओळखी थोड्या. नियमच नसले तर मोठ्याने बोलणाऱ्याचे राज्य होते आणि बुजरा मुलगा कोपऱ्यात राहतो. प्रत्येकाची पाळी येईल असा नियम असला, की आठवडाभर कचेरीत चार वाक्ये न बोललेली मुलगीही राणी होऊन दरबाराला खडसावते. अनेक गट टेबलावर फुली काढलेले एक कार्डही ठेवतात. प्रसंग असह्य वाटला तर त्याला बोट लावायचे. कारण विचारले जात नाही, तेवढा भाग गाळून गोष्ट पुढे जाते. अशाने रसभंग होईल, असे वाटते. पण थांबता येते ही खात्री असली की माणूस अधिक धीटपणे भूमिकेत शिरतो.

सुट्टीत घरच्या घरी हा खेळ करून पाहता येईल. गोष्टीवेल्हाळ आजीला सूत्रधार करावे. सापशिडीतले साधे दोन फासे पुरे; बेरीज सात किंवा जास्त आली की काम जमले. ऊठसूट फासा टाकू नये. दोन्ही शक्यतांतून गोष्ट पुढे सरकणार असेल तेव्हाच टाकावा. दान फसले तर "नाही जमले" म्हणून थांबू नये. कुलूप उघडले नाही, पण आवाजाने पहारेकरी जागा झाला, असे काही घडावे. आणि दादा कितीही हुशार असला तरी धाकटीच्या पाळीला तिच्या वतीने त्याने उत्तर देऊ नये. हा शेवटचा नियम मात्र सर्वांत कडकपणे पाळावा.