दडपण कशाचं?

'मी जाम डिप्रेस्ड आहे' हे वाक्य हल्ली कॉलेजच्या कट्ट्यापासून स्वयंपाकघरापर्यंत कुठेही कानावर पडतं. पेपर अवघड गेला, मॅच हरली, सुट्टी रद्द झाली, की हाच शब्द. वापरून वापरून तो गुळगुळीत झाला आहे. मला मात्र तो फार मोलाचा वाटतो. त्याच्या मुळाशी 'खाली दाबणे' या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. डिप्रेस्ड म्हणजे दाबला गेलेला. मग कोणी दाबला, कशानं दाबला, हे विचारायलाच हवं. आपण तेवढंच विचारत नाही.

हे विशेषण एकेकाळी मुलुखांना आणि माणसांच्या समूहांनाही सर्रास लावलं जाई. 1930 च्या दशकातल्या मंदीत दक्षिण वेल्समधल्या कोळसा खाणी आणि टाइन नदीकाठची जहाजबांधणी बसली, तेव्हा ब्रिटनमध्ये त्या भागांना 'डिप्रेस्ड एरियाज' म्हणत. 1934 मध्ये त्यांच्यासाठी कायदा झाला आणि त्याच्या नावात 'डिप्रेस्ड'च्या जागी 'स्पेशल' आलं. नाव बदललं म्हणून खाण कामगाराच्या हाताला काम मिळालं नाही.

आपल्या महाराष्ट्राचं तर या शब्दाशी जुनं नातं आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 मध्ये मुंबईत 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' सुरू केलं. डॉ. आंबेडकरांनी 1924 मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं इंग्रजी नाव 'डिप्रेस्ड क्लासेस इन्स्टिट्यूट' असं होतं. 'बहिष्कृत' म्हटलं की बहिष्कार घालणारा समोर उभा राहतोच. इंग्रजी नावात तो दिसेनासा होतो. पुढे 1931 मध्ये गोलमेज परिषदेपुढच्या निवेदनात आंबेडकर आणि आर. श्रीनिवासन यांनी 'डिप्रेस्ड क्लासेस' हे अस्पृश्यांसाठीचं सरकारी नाव अपमानकारक आहे, ते बदला, अशी मागणी केली. या नावामुळे हा समाज हलका आणि असहाय वाटतो, असा आक्षेप आंबेडकरांनी नंतरही मांडला. 1935 च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' ही संज्ञा आली. मला त्या आक्षेपाचं मोल आजही तितकंच वाटतं. दडपलेल्या माणसाचं वर्णन करताना दडपणाराच गायब झाला, तर दोष आपोआप दडपलेल्याच्या माथी येतो.

आजही तेच होतं आहे. सोयाबीनच्या हंगामात मी दाजींबरोबर मराठवाड्यातल्या एका बाजार समितीत गेलो होतो. खरेदीदारानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर दाणे काढून यंत्रात टाकले आणि 'मॉइश्चर जास्त आहे' एवढंच म्हणाला. सौदा हमीभावाच्या बराच खाली तुटला. आडत्यानं हमाली-तोलाई कापून पट्टी हातात दिली. दाजींनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी होती, 'सोयाबीनचे भाव दबावात'. पुढे ताई फोनवर सांगत राहिली, 'हे नीट जेवत नाहीत, रात्र रात्र जागे असतात, कशात मन लागत नाही म्हणतात.' दाजींनी 'डिप्रेस्ड' हा शब्द कधी उच्चारला नाही. पण भावावरचा दबाव आणि मनावरचं दडपण एकाच पट्टीवर लिहिलेलं मी पाहिलं आहे.

डिप्रेशन हा आजार असतो, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. उदासी, कशातच रस न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, स्वतःला नालायक समजणं असं दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे किंवा त्याहून जास्त चाललं, तर डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे. कधी कधी वरवर काहीच कारण नसतानाही हा आजार जडतो. त्यावर समुपदेशन आहे, औषधं आहेत, त्यांनी माणसं बरी होतात. सरकारची 'टेलि-मानस' सेवा 14416 या क्रमांकावर मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं. दाजींना आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, त्याचा गुण आला.

पण उपचार चालू असतानाच कर्जाचा हप्ता, पडलेला भाव, कारखान्यातली कपात, वर्गात जातीवरून मारलेले टोमणे, परीक्षेचा जाच यांकडेही बघितलं पाहिजे. तिथे गोळी पोचत नाही. तिथे बाजार समिती, बँक, कॉलेज आणि सरकार यांनाच जाब विचारावा लागतो.

म्हणून कोणी 'डिप्रेस्ड आहे' म्हटलं, तर 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणून वाटेला लावू नका. किती दिवसांपासून, हे विचारा, आणि कशाचं दडपण आहे, हेही विचारा. पहिल्या उत्तरावरून डॉक्टरकडे जायचं की नाही ते कळेल. दुसऱ्या उत्तरासाठी कदाचित आपल्याला त्या माणसाच्या बाजूनं उभं राहून भांडावं लागेल, आणि त्याची तयारी आपण ठेवलीच पाहिजे.